पाणी एक, मागण्या चार : दुष्काळी वर्षातल्या पाणीवाटपाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने १५ जिल्ह्यांतल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिक जिल्ह्यातले सिन्नर, येवला आणि मालेगाव त्यात होते. हे प्रकरण सिन्नरच्या पूर्वेकडच्या, पावसाच्या सावलीतल्या एका कुटुंबाचे आहे. नाव-गाव काढून टाकले आहे आणि आकडे थोडे ढोबळ केले आहेत. कुटुंबप्रमुखाला इथे आबा म्हटले आहे, त्यांच्या पत्नीला आक्का. थोरला मुलगा शेती पाहतो.

जमीन पाच एकर. एका एकरात भगवा जातीच्या डाळिंबाची पाच वर्षांची ३०० झाडे, त्यातली ७० मर रोगाने आणि खोडकिड्याने खंगलेली. चार संकरित गायी, तीन दुधात. एक विहीर आणि प्लास्टिक कागद टाकलेले ३० × ३० × ३ मीटरचे शेततळे. खरीप सोयाबीनने हात दाखवला होता, त्यामुळे घरात रोकडही बेताचीच होती.

ऑक्टोबरअखेर आबांनी दोन एकरांचे उन्हाळ कांद्याचे रोप टाकले. त्या दिवसांत लासलगावला कांदा क्विंटलला साडेतीन-चार हजारांच्या घरात होता. रोप टाकताना दोन एकर कांद्याला पुरेल एवढे पाणी आहे का, हा हिशेब कोणी केला नव्हता. तो नोव्हेंबरच्या मध्यावर झाला.

हातात नेमके किती

पहिले काम पाणी मोजण्याचे. शेततळ्याच्या बाजू १:१ उताराच्या, म्हणजे वर ३० मीटर आणि तळाशी २४. पूर्ण भरले तर २१.९६ लाख लिटर. १५ नोव्हेंबरला पाणी अडीच मीटर होते. इथे बरेच जण सरळ प्रमाण मांडतात : तीनपैकी अडीच, म्हणजे १८.३ लाख. उतारामुळे ते जुळत नाही. मुलाने गाठी मारलेला दोर सोडून खोली मोजली आणि घनफळ काढले तेव्हा २.५ मीटरला १७.६ लाख, २ मीटरला १३.५, दीड मीटरला ९.८, एक मीटरला ६.३ आणि अर्ध्या मीटरला ३ लाख लिटर असा तक्ता तयार झाला. तळ्याच्या प्लास्टिक कागदावर ऑइलपेंटने पट्टे मारून घेतले. सहा महिन्यांतल्या बहुतेक वादांचा निकाल पुढे या पट्ट्यांनीच लावला.

विहिरीचा उपसा दिवसाला पाऊण-एक तास, साधारण १२,००० लिटर. जानेवारीअखेरपर्यंत ती तग धरेल असे धरून ७५ दिवसांचे ९ लाख. एकूण २६.६ लाख लिटर.

यातून आधी बाष्पीभवन वजा करायचे. या पट्ट्यात मोजपात्रातले (उघड्या भांड्यात पाणी ठेवून मोजलेले) बाष्पीभवन हिवाळ्यात रोज ४ मि.मी. धरले, एप्रिल-मेत ९ ते १०. शेततळ्यासाठी त्याला ०.७ ने गुणतात. १५ नोव्हेंबर ते १५ जून या सात महिन्यांत सुमारे एक मीटर पाणी हवेत जाते. या तळ्यासाठी तो आकडा ७ लाख लिटर. तळ्यातल्या पाण्याच्या जवळजवळ चाळीस टक्के.

या सात लाखांचा स्वभाव नीट ओळखायला हवा. बाष्पीभवन पृष्ठभागावर ठरते, साठ्यावर नाही. तळे अर्धे असो की पाऊण, वरचा चौरस थोडाच लहान-मोठा होतो. म्हणजे जूनपर्यंत तळ्यात पाणी ठेवायचे ठरवले की हे सात लाख गेलेच. त्यापुढे एखादा लाख लिटर जास्त ठेवला तर त्याची वेगळी घट नगण्य. पाणी राखून ठेवण्याचा हा स्थिर खर्च आहे, आणि तळे फेब्रुवारीतच रिकामे करायची तयारी असेल तरच तो वाचतो. कुटुंबाला हे कळेपर्यंत "जेवढे लवकर वापरू तेवढे वाचेल" असा एक भाबडा युक्तिवाद घरात चालू होता.

अडचण

मागण्या चार होत्या. आबांना दोन एकर कांदा हवा होता. मुलाला डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलवून पावसाळ्याच्या तोंडी घ्यायचे फळ, धरायचा होता. आक्कांना गायींसाठी वीस गुंठे मका. आणि शेजारच्या गावातला टँकरवाला तळ्यावरून दहा हजार लिटरला २५० रुपये द्यायला तयार होता.

ठिबकवर एक एकर उन्हाळ कांद्याला ४०० मि.मी. पाणी धरले तर १६ लाख लिटर लागते. दोन एकरांना ३२ लाख. विहीर, तळे सगळे धरून २६.६. आबांचा बेत तिथेच संपला, तरी घरातली चर्चा संपली नाही, कारण प्रश्न चुकीच्या एककात विचारला जात होता. "एकरी कशात जास्त सुटतं?" हा नेहमीच्या वर्षाचा प्रश्न. या वर्षी पाच एकरांपैकी तीन पडीकच राहणार होते. जमिनीला संधी खर्च, म्हणजे ती दुसरीकडे लावून जे मिळाले असते ते, जवळपास शून्य. टंचाई पाण्याची होती, म्हणून भागाकार पाण्याने करायला हवा : लाख लिटरमागे किती रुपये.

पर्याय आणि त्यांची किंमत

टँकरला पाणी विकणे हा तळाचा भाव. दहा टँकरांचे २,५०० रुपये, म्हणजे लाख लिटरमागे २,५००. पाणी विकायचे नाही असे ठरले तरी हा आकडा हिशेबात राहतोच. याहून कमी देणारे कोणतेही पीक म्हणजे तोटा, मग ते कितीही हिरवे दिसो.

हरभरा : पेरणीची वेळ संपत आली होती, पण संपली नव्हती. तुषारने ५० मि.मी.ची तीन पाणी, एकरी ६ लाख लिटर. साडेसहा क्विंटल उत्पादन, ५,४०० रुपये दर (त्या हंगामाचा हमीभाव ५,४४०), एकरी खर्च १४,०००. निव्वळ २१,१००, लाख लिटरमागे ३,५००.

कांदा : एकरी १०० क्विंटल, खर्च ६८,०००. दर २,००० मिळाला तर लाख लिटरमागे ८,२५०. १,२०० मिळाला तर ३,२५०. ८०० झाला तर फक्त ७५०. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले होते, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले होते. कांद्याचा आजचा भाव एप्रिलच्या कांद्याला लावणे ही या पट्ट्यातली जुनी सवय आहे. मुलाने १,२०० धरायचा आग्रह धरला आणि तो बरोबर होता.

मका : वीस गुंठ्यांना ३५० मि.मी. म्हणजे ७ लाख लिटर. हाती ८ टन चारा, रोख खर्च १२,०००. आक्कांचे म्हणणे, घरचा चारा स्वस्त. पण त्या सात लाख लिटरवर हरभऱ्याने दिले असते ते २४,५०० रुपये चाऱ्याच्या किमतीत धरले की तोच चारा ३६,५०० ला पडतो. कालव्याखालच्या गावातून उभा मका टनाला २,८०० ने मिळत होता. कापणी, कुट्टी, वाहतूक धरून ३,७००. आठ टन २९,६०० ला. विकतचा चारा सात हजारांनी स्वस्त. खरे तर ती गोदावरीच्या पाण्याचीच खरेदी होती, मक्याच्या रूपात.

डाळिंब : इथे दोन वेगळे प्रश्न होते आणि घरात ते एकच समजले जात होते. बाग जगवायची का, आणि बहार धरायचा का.

जगवण्याचे पाणी झाडाला जानेवारीअखेरपर्यंत रोज ५ लिटर, फेब्रुवारीत १०, मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत २०. ३०० झाडांना ८.४ लाख लिटर. बाग गेली तर नव्याने लावणीचा खर्च आणि अडीच-तीन वर्षे उत्पन्न नाही. सव्वा लाख आणि दोन हंगामांचे तीन लाख असा आबांचाच अंदाज. बाष्पीभवनाचे सात लाख लिटर याच खात्यात टाकले तरी लाख लिटरमागे पंचवीस हजारांच्या वर. इतर कोणताच पर्याय याच्या जवळपास नव्हता.

बहाराचे गणित जास्त नाजूक. फळावरच्या झाडाला फेब्रुवारीत २५ लिटरपासून मे महिन्यात ६० लिटरपर्यंत चढत जावे लागते. २३० निरोगी झाडांना जगवण्याच्या पाण्यावर आणखी ८.४ लाख. झाडाला ८ किलो फळ, ८० रुपये दर, फवारण्या-खते-मजुरीचा खर्च ९०,०००. जमले तर निव्वळ ५७,०००, लाख लिटरमागे ६,८००. कागदावर हरभऱ्याच्या दुप्पट. पण विहीर लवकर आटली किंवा पाऊस लांबला तर फळ मे महिन्यात तडकते, गळते, आणि ९०,००० बुडतात. दहापैकी चार वेळा असे होईल धरले तरी अपेक्षित कमाई शून्याच्या खाली जाते. शिवाय ते नव्वद हजार उभे करायचे कुठून हा प्रश्न होताच. पाण्याइतकीच रोकडही टंचाईची होती, आणि दोन टंचाया एकत्र आल्या की लाख लिटरमागचा एकच आकडा पुरत नाही.

पहिला निर्णय : १७ नोव्हेंबर

सगळ्यात अवघड ठरला तो ७० झाडांचा विषय. ती अर्धमेली होती, तरी पाच वर्षे जोपासलेली. "आबा, या झाडांवर केलेला खर्च आता कशानेच परत येणार नाही. पाणी दिलं तर चांगल्या झाडांच्या तोंडचं जाईल," एवढे मुलाने सांगितले आणि विषय दोन दिवस तसाच राहिला. शेवटी आबांनी स्वतःच त्या झाडांचे ड्रिपर काढून भोके बंद केली. २३० झाडांना जगवण्याचे पाणी ६.५ लाखांवर आले. दोन लाख लिटर इथे सुटले, एक पैसा खर्च न करता.

मग वाटप असे ठरले : बाष्पीभवन ७ लाख, गायींना पिण्या-धुण्यास १ लाख, डाळिंब ६.५, पाऊस लांबला तर राखीव १.५. उरले साडेदहा. त्यातून एक एकर हरभरा (६ लाख) आणि दहा गुंठे कांदा (४ लाख). मका नाही, चारा विकत घेऊन मुरघास (हवाबंद मुरवून साठवलेला चारा). टँकर नाही.

हरभरा आणि कांदा दोन्ही का, फक्त हरभरा का नाही? १,२०० दराने दोघांचा परतावा जवळपास सारखा होता. कांद्याचा दर वर गेला तर फायदा मोठा, खाली गेला तर दहा गुंठ्यांचेच नुकसान. शिवाय हरभऱ्याचे बरेचसे पाणी विहीर चालू असतानाच लागते, ते तळ्यात चढवायची गरज नाही.

बागेत सगळी फुले झाडून टाकली, खोडाभोवती पाचटाचे आच्छादन केले, उन्हाळ्यात केओलिनची (पानांना उन्हापासून वाचवणाऱ्या पांढऱ्या मातीची) फवारणी ठरवली. ठिबक रात्री चालवायचे.

दुसरा निर्णय : डिसेंबरचा दुसरा आठवडा

२६ नोव्हेंबरला नाशिक जिल्ह्यात गारपीट आणि अवकाळी पाऊस झाला. द्राक्षबागांचे हाल सर्वांनी पाहिले. या शेतात त्याचा परिणाम दुहेरी होता : नुकत्या उगवलेल्या हरभऱ्याचे एक पाणी वाचले, आणि कांद्याचे अर्धेअधिक रोप झोडपले जाऊन करप्याने गेले.

मग ७ डिसेंबरच्या रात्री कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले आणि पुढच्या आठवड्यात दर झपाट्याने उतरले. लागण तोंडावर आली होती.

आबांचे म्हणणे : रोपावर चौदा हजार गेलेत, आता दहा गुंठे तरी लावायलाच हवेत. ते चौदा हजार लावले तरी गेलेले आणि न लावले तरी गेलेले. पुढचा प्रश्न एवढाच होता की येथून पुढे एकरी ६१,००० खर्चून, १६ लाख लिटर देऊन काय मिळेल. दर १,००० धरला तर लाख लिटरमागे साधारण २,४००. टँकरच्या तळभावालाही खाली. बुडीत खर्च इथे कांद्याच्या बाजूने मोजला गेला, तोही रास्त तेवढाच : रोप तयार असल्याने पुढचा खर्च एकरी सात हजारांनी कमी होतो. तरीही कांदा मागेच पडला.

ठरले ते पाच गुंठे. हिशेबाने शून्य यायला हवे होते. आबांनी पाच मागून घेतले, घरी खायला आणि कांदाचाळीत थोडा साठवायला. उरलेले रोप कालव्याखाली विकायला नेले तर बंदीच्या बातमीने गिऱ्हाईक अर्ध्यावर आले होते. निम्मे विकले गेले, निम्मे बांधावर टाकले.

काय झाले

विहीर अंदाजापेक्षा दहा-अकरा दिवस आधी, २० जानेवारीच्या सुमारास आटली. सव्वा लाख लिटर तिथे कमी पडले, पण पावसाने हरभऱ्याचे दोन लाख वाचवले होते आणि अर्ध्या कांद्याचे दोन लाख शिल्लक होते, म्हणून वाटप कोलमडले नाही.

हरभरा ६ क्विंटल, ५,५०० ने गेला. खर्च १३,५०० वजा जाता १९,५०० राहिले, चार लाख लिटरवर, लाखाला ४,९००. पाच गुंठ्यांत कांदा ११ क्विंटल निघाला. सहा क्विंटल एप्रिलमध्ये १,२५० ने दिला. ४ मे रोजी बंदी उठली, किमान मूल्य ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्कासह. चाळीत ठेवलेल्यातला एक क्विंटल सडला, चार क्विंटल जूनमध्ये २,२०० ने गेले. निव्वळ ७,८००, लाख लिटरमागे ३,९००.

म्हणजे दहा गुंठे लावले असते तर जास्त मिळाले असते, असे आबा आता म्हणतात आणि आकडेही तसेच सांगतात. पण डिसेंबरात जूनचा दर कोणाच्याच हातात नव्हता. बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती, मग तीही लांबली. निर्णय त्या दिवशी असलेल्या माहितीवर तपासायचा असतो. निकालावरून मागे जाऊन त्याला गुण दिले की पुढच्या वर्षी पुन्हा दोन एकर रोप पडते.

एप्रिल-मे महिन्यात टँकरचा भाव दहा हजार लिटरला ६०० वर गेला. पंधरा टँकर दिले, ९,००० मिळाले. लाख लिटरमागे ६,०००, कोणत्याही पिकाहून जास्त, आणि राबणे शून्य. गावात त्यावर कुजबुज झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती : तळ्यातले पाणी पावसाळ्यात विहिरीतून चढवलेले, आणि विहिरीचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीशी जोडलेले. त्या पाण्याचा काही संधी खर्च शेजाऱ्याने सोसला, तो कोणाच्या वहीत नाही.

उरलेले पाणी एप्रिल-मेत बागेला झाडामागे रोज आठ लिटर वाढवून दिले. मे अखेरीस तळे पावणेदोन फुटांवर होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिजवणारा पाऊस झाला. २३० पैकी २२१ झाडे जगली, त्यांच्यावर मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलवतात तो) धरला.

गायींचा निर्णय मुरघासाने तरला. दुधाचे दर उतरलेले होते, पण दहा दिवसांनी येणारे दुधाचे पगारच त्या सहा महिन्यांतली रोजची नड भागवत होते. आक्कांचा आग्रह चाऱ्याच्या स्रोताबाबत चुकला, गायी ठेवण्याबाबत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिले, मोजमाप ऑक्टोबरात. रोप टाकण्याआधी दोर तळ्यात सोडला असता तर चौदा हजारांपैकी दहा-अकरा हजार वाचले असते, आणि हरभराही वेळेत पेरला गेला असता.

दुसरे, राखीव दीड लाख लिटर खरे राखीव नव्हतेच. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटरीच्या पाइपचे पाणी ओढणारे टोक, तळापासून फूटभर वर असतो. त्याखालच्या गाळमिश्रित पाण्याचे घनफळ या तळ्यात पावणेदोन लाख आहे. पाऊस १५ जूनच्या पुढे गेला असता तर मोटरीने हवा ओढली असती आणि तेव्हाच हे कळले असते. राखीव धरताना शेवटचा फूट आधी वजा करायला हवा.

तिसरे, शेडनेट. तळ्यावर तारा ताणून नेट टाकली तर बाष्पीभवन निदान एक-तृतीयांश घटेल असे धरू, म्हणजे दोन-सव्वादोन लाख लिटर. नोव्हेंबरच्या २,५०० च्या भावाने ते साडेपाच हजारांचे पाणी, नेट-तारांचा खर्च पंचवीस हजारांच्या आसपास. एका वर्षासाठी परवडत नाही. एप्रिलच्या ६,००० च्या भावाने आणि तीन-चार वर्षे टिकणारी नेट धरून मात्र उत्तर उलटे येते.

चौथे, घरच्या राबण्याचा हिशेब. कांद्याच्या खर्चात बाहेरच्या बायकांची मजुरी धरली, आक्का आणि सुनेची नाही. पाच गुंठ्यांच्या लागण-खुरपणी-काढणीत त्या दोघींचे मिळून पंधरा-सोळा दिवस गेले. गावातली मजुरी तीनशे धरली तर साडेचार हजारांहून जास्त. ७,८०० मधून ते वजा केले की कांदा लाख लिटरमागे सोळाशेवर येतो, डिसेंबरातल्या टँकरच्या भावाखाली.

पाचवे आणि जास्त बोलण्याजोगे : जानेवारीत एक निर्णय घ्यायचा होता, तो घेतलाच गेला नाही. २६ नोव्हेंबरच्या पावसाने वाचलेले दोन लाख लिटर आणि कांद्याचे दोन लाख घरात "वरचे पाणी" म्हणून राहिले. आंबे बहाराचा प्रश्न नोव्हेंबरात "सगळी बाग की काहीच नाही" असा सुटला होता, तो पुन्हा उघडला नाही. ६० झाडांवर बहार धरायला जास्तीचे २.२ लाख लिटर आणि साडेतेवीस हजार रुपये लागले असते. जमले असते तर पंधरा हजार, नाही तर साडेतेवीस हजारांचा फटका, पण बाग शाबूत. टँकरने त्याच पाण्याचे तेरा हजार दिले असते, कोणत्याही जोखमीविना; पण जानेवारीत टँकरचा भाव २५० च होता, आणि त्या दिवशीच्या भावाने ६० झाडांचा प्रयोग निदान वहीत मांडून पाहण्याजोगा होता. त्या हंगामानंतर मुलाने वहीत दर महिन्याच्या एक तारखेला दोन ओळी लिहायला सुरुवात केली आहे : पट्टा कितव्या खुणेवर, आणि आजच्या भावाने शेवटच्या लाख लिटरला सगळ्यात जास्त कोण देतो.